सोळा सोमवार आणि सदतीस दाते

॥ श्री शंकर प्रसन्न ॥

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०१४

विमावाल्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून देवघराखाली कोरी पडून आहे. कोरा कागद वाया गेलेला मला पाहवत नाही. आणि आज जे घडलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुपारी साडेतीनला फाटकासमोर छोटा हाथी टेम्पो थांबला. दोन माणसांनी दोरीने बांधलेलं काहीतरी खाली उतरवलं. लाल रंग, चार जाडजूड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, एका माणसापुरती सीट, मागे लोखंडी कॅरियर. बेडूक दबा धरून बसल्यासारखं. हे ड्रायव्हरच्या बाजूने उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "क्वाड बाईक आहे."

"कोणाची?"

"आपली."

रायपूरहून नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गार्डन बंद पडलं ना, जिथे पोरं पैसे देऊन चकरा मारायची, तिथली. अठरा हजारांत आणली. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, खत वाहायला. आमच्याकडे घरामागे वांग्याची सहा झाडं आणि एक शेवगा आहे.

भांडायचं होतं, पण भांडले नाही. मे महिन्यापासून या माणसाने कुठल्या वस्तूला "आपली" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत चौतीस वर्षं काढून हे निवृत्त झाले, रायपूरच्या चौबे कॉलोनीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही इथे खपरी गावात आपल्या दोन खोल्यांत आलो, आणि त्या दिवसापासून यांचं बोलणंच आटलं. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली ती तिथेच. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर. विचारलं तर "हव", नाही विचारलं तर तेही नाही. म्हणून श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी सोळा सोमवारांचं व्रत धरलं. मागणं कोणाला सांगायचं नसतं, पण डायरी म्हणजे काही माणूस नाही. यांचं मन पुन्हा कशात तरी लागू दे, एवढंच मागितलं आहे.

अकरा सोमवार झाले. टेकडीवरचा महादेव इथून दीड किलोमीटर, धानाच्या शेतांतून गाडीवाट. दसऱ्याला ओसरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि गुडघा सुजला. परवाच्या सोमवारी शेजारच्या भीमाबाईंच्या खांद्याला धरून गेले. येताना अर्ध्या वाटेत बांधावर बसले आणि मला रडू आलं. घरी येऊन म्हटलं, "आता पुढच्या सोमवारी कशी जाऊ?" डॉक्टर म्हणतात महिनाभर चालायचं नाही. मध्ये खंड पडला तर व्रत मोडलं, आणि मागणंही गेलं. हे तिथेच बसून ऐकत होते. मंगळवारी पेन्शनच्या कामाला म्हणून रायपूरला गेले. आणि आज हा बेडूक.

संध्याकाळी चालू करून दाखवलं. दहा पावलं गेलं, मग मागून कट-कट-कट असा आवाज, चाकं जागच्या जागी आणि मागचं सगळं अंग लटपटायला लागलं. अठरा हजार.


शनिवार, ११ ऑक्टोबर

भीमाबाईंचे मिस्टर धर्मपाल भाऊ आले. सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात फिटर होते, मागच्या वर्षी सुटले. त्यांनी वाकून चेन दोन बोटांनी ओढली तर ती चक्रीवरून आपोआप वर आली.

"यशवंतराव, स्प्रॉकेट गेलं तुमचं. दाते पाहा."

मीही पाहिलं. मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक लांब धुरा, त्या धुऱ्यावर ताटाएवढी दातेरी चक्री. इंजिनाकडची चेन या चक्रीला फिरवते, चक्री धुऱ्याला आणि धुरा चाकांना. चक्रीचे दाते मांजरीच्या नखांसारखे एका अंगाला वाकलेले, टोकं झिजून गेलेली. चेन धरणार कशाला?

धर्मपाल भाऊंनी चाक धरून वर-खाली हलवलं. "आन् बेरिंगही गेले. धुराच काढा लागते."

हे म्हणाले, "काढू."

एवढंच. पण थोड्या वेळाने पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला.

भीमाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय वं विनोदिनीबाई, लग्नात नवरदेव घोड्यावर आला होता ना? आता पाहा, बेडकावर येऊन राहिला."


सोमवार, १३ ऑक्टोबर

बारावा सोमवार पार पडला. गावातल्या समारूने बैलगाडीतून नेलं. गाडीत पेंढा अंथरला होता, राणीसारखी गेले. पण उतरताना तो म्हणाला, "देवारी के बाद धान लुवई हे दाई. फेर गाड़ी नइ मिलय." दिवाळीनंतर धानाची कापणी, मग त्याचे बैल मोकळे नाहीत. खरंच आहे, त्याचं पोट त्यावर.

म्हणजे तेरावा आणि चौदावा निभेल. पंधरावा, सोळावा आणि उद्यापनाचा सतरावा महादेवाच्या हाती.

यांना सांगितलं. हे धुऱ्याखाली आडवे पडले होते. तिथूनच म्हणाले, "तवरिक ही गाडी होते."

"मग मी मागच्या कॅरियरवर बसू? वांग्याच्या टोपलीसारखी?"

"पाहू."


गुरुवार, १६ ऑक्टोबर

तीन दिवस झाले, नट निघेना. चक्रीच्या शेजारी धुऱ्यावर दोन मोठे नट आहेत, एकाला एक चिकटून. हे आणि धर्मपाल भाऊ पाना लावतात, दोघं मिळून ओढतात, तोंडं लाल होतात, आणि नट तिथेच. डिझेल घालून रात्रभर भिजवले. वाटाणे भिजवल्यासारखे. तरी नाही.

मी खुर्चीवर पाय लांब करून तांदूळ निवडत होते. पाहता पाहता लक्षात आलं की हे दोन्ही नट एकदमच फिरवायला पाहताहेत.

"अवो," मी म्हटलं, "एकाला धरून ठेवा ना, आन् दुसऱ्याला फिरवा."

हे थांबले. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ते एकमेकाला रेटून बसले आहेत. लग्नात एका सतरंजीवर दोन रुसलेल्या नणंदा बसतात तसे. एकीला धरलं की दुसरी हालते."

दोन पाने लावले. कट्ट असा आवाज झाला आणि बाहेरचा नट फिरला!

हे कपाळ पुसत म्हणाले, "अवं, चौतीस वर्षांत मले नाही सुचलं हे."

धर्मपाल भाऊंना एकदम ठसका लागला. तोंड फिरवून बराच वेळ शेवग्याकडे पाहत राहिले. डिझेलचा वास लागला असेल, म्हणून मी त्यांना तुळशीचा काढा करून दिला.

"उद्यापासून एक पाना तू धर," हे म्हणाले. "तुह्या नजरेत येते."

माझ्या नजरेत येतं म्हणे. मिरवायला म्हणून नाही लिहीत, पण दुपारभर तेच डोक्यात होतं.


रविवार, १९ ऑक्टोबर

धुरा बाहेर निघाला. मी जुना पेपर अंथरून एकेक वस्तू निघाली त्या क्रमाने मांडली आणि प्रत्येकीसमोर खडूने आकडा घातला. हे म्हणतात, आमच्या वर्कशॉपमध्ये असा माणूस असता तर अर्धी भांडणं वाचली असती. माझ्या स्टीलच्या दोन वाट्या मात्र ग्रीसमध्ये गेल्या. त्या आता देवाधर्माच्या कामाच्या नाहीत.

बेरिंगवर आकडे असतात, त्यावरून ते रायपूरला मिळाले. चक्री कुठेच नाही. तीन दुकानवाल्यांनी तर हातात घेऊन विचारलं, ये किसका है? शेवटी पुण्याला अभिनवला फोन लावला. आमच्या मुलाला मराठी सगळी समजते, बोलतो हिंदीत.

"आई, पापा ने सच में ले ली? मुझे लगा मज़ाक कर रहे हैं."

"मज्जाक काहून करतील? ती चक्री तिकडे कम्प्युटरवर मिळते का पाहा."

"कितने दाँत हैं?"

आता दाते कोण मोजणार? यांनी मोजले तर छत्तीस. धर्मपाल भाऊंनी मोजले, अडतीस. दोघांत जुंपली. एका दात्याचं टोक पूर्ण उडालं आहे, आणि गोल वस्तूत सुरुवात कुठली नि शेवट कुठला हे विसरायला होतं. मी पहिल्या दात्याला कुंकवाचं बोट लावलं, देवघरातून जपमाळ आणली आणि एका दात्याला एक मणी ओढला. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा सदतीस.

"सदतीस लिही," मी अभिनवला सांगितलं. "आन् मधल्या चार भोकांचं माप पापा सांगतात ते घे."

"पक्का ना आई?"

"रुद्राक्षावर मोजले आहेत."

त्याने सदतीस लिहून घेतले. नवी चेन आणि इंजिनाकडची छोटी चक्रीही सोबत मागवली. धर्मपाल भाऊ म्हणतात, जुन्या चेनवर नवी चक्री घातली तर ती चेन नव्या चक्रीलाही खाते.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. चौदावा सोमवारही झाला, समारूची शेवटची खेप. लक्ष्मीपूजनाला एक पणती त्या उघड्या गाडीपाशी ठेवली. बिचारी मागच्या चाकांविना विटांवर बसली आहे.

आज हे म्हणाले, "जरा सीटवर बसून पाह."

"मी कशाला?"

"उंची पाहा लागते."

बसले. हँडल धर म्हणाले, धरलं. अंगठा इथवर पुरते का? पुरला. मग टेप घेऊन कायकाय मापत राहिले. यांची उंची माझ्याहून वीतभर जास्त, माझ्या मापाचा काय उपयोग कोण जाणे. पण बसल्यावर बरं वाटलं. लहानपणी गोंदियाला दादाची सायकल शिकायला गेले होते, दुसऱ्याच दिवशी पडून हात मोडला. मग कोणी पुन्हा हात लावू दिला नाही. हे यांना लग्नानंतर एकदा कधीतरी सांगितलं असेल, त्यांना कुठलं आठवायला.


सोमवार, ३ नोव्हेंबर

पंधरावा सोमवार. लिहितानाही लाज वाटते.

सामान आलं नाही. बैलगाडी नाही. गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही. मी म्हटलं, चालत जाते, मरायचं तर महादेवाच्या वाटेवर मरीन. तर भीमाबाईंनी डोकं लढवलं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. पुढे हे आणि धर्मपाल भाऊ, मागे भीमाबाई आणि कापणीवरून बोलावलेली त्यांची जाऊ. आणि वर मी, हातात पूजेचं तबक घेऊन.

वाटेत धान कापणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. एकीने लांबून हातच जोडले. भीमाबाई म्हणाल्या, "पाहा वं, जिवंतपणी चौघांच्या खांद्यावर निघाली. मागून फुलं तेवढी टाकायची राहिली."

चौघंही एवढे हसले की खुर्ची तिरकी झाली आणि अर्धं दूध बांधावर सांडलं. पिंडीवर उरलेलं घातलं. देवाची माफी मागितली.

पण येताना यांचा श्वास फुललेला ऐकला. साठ वर्षांचा माणूस. पुढच्या सोमवारी हे नाही करायचं, मी ठरवलं आहे. गाडी झाली तर ठीक, नाहीतर व्रत मोडलं असं समजेन.


शनिवार, ८ नोव्हेंबर

आलं! आणि आलं ते कधी, तर शनिवारी!

अकरा वाजता कुरिअरवाला खोकं घेऊन फाटकात उभा. मी विचारलं, काय आहे? "लोहे का सामान लग रहा है आंटी, भारी है." मी फाटकाची कडी लावून घेतली. शनिवारी नवं लोखंड घरात घेत नाहीत. माझ्या आईने घेतलं नाही, सासूबाईंनी खिळा घेतला नाही.

"सोमवार को लाना भैया."

"सोमवार को मेरा ये रूट नहीं है. बुधवार."

बुधवारी काय करू? हे आतून आले, माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. चेहरा पुन्हा तसाच झाला, मे महिन्यातला. तरी कडीवरचा हात निघेना.

तेवढ्यात भीमाबाई आल्या. "काय झालं? शनि? द्या इकडे, आमच्या घरी ठेवतो. आम्हाले शनिवार-बुधवार सारखेच. तुमचा शनि आमच्या फाटकात येत नाही."

"पण भीमाबाई, तुमच्यावर..."

"अवं, बाबासाहेबांचा फोटो हाये दारात. त्याले पाहूनच तो वापस जाते."

त्यांनीच सही केली, खोकं कडेवर मारून लेकरासारखं घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "आम्ही नवस करत नाही, पण तुमचा पुरा करून देतो."


रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

सकाळी खोकं कुंपणावरून इकडे आलं. चक्री लावायच्या आधी मी जपमाळेवर मोजली. सदतीस. भोकं जुळली.

पाच तास काम चाललं. नवे बेरिंग, नवे सील, धुरा पुसून आत सरकवला. धर्मपाल भाऊ रबरी हातोडीने ठोकत होते, मी दुसऱ्या टोकाला धरून "आलं, आलं, अजून थोडं" सांगत होते. मग चक्री, मग चेन. चेन घट्ट ओढायची नाही, बोटाने दाबली तर इंचभर झोल राहिला पाहिजे, हे मला आता कळतं. मग ते दोन नट. आतला धरला यांनी, बाहेरचा आवळला मी. सगळ्यात शेवटी चाकं, आणि त्यांच्या नटांना आरपार पिना.

दोघं हात धुवायला गेले तेव्हा मी एकटी होते. मनात शनिवार राहून राहून येत होता. कुठे का उतरलं असेना, लोखंड आलं तर शनिवारीच. शनीला थोडं तेल दिलेलं बरं. चक्रीला हळदकुंकू वाहिलं. तेल घालायला पाहिलं तर चेनला, बेरिंगला, सगळ्यांना यांनी आधीच भरपूर तेल-ग्रीस दिलेलं. एकच वस्तू अगदी कोरडी ठणठणीत राहिली होती, धुऱ्याच्या दुसऱ्या बाजूची चकचकीत थाळी. घाईत विसरले असतील. समईतलं तिळाचं तेल चमचाभर तिला घातलं, बोटाने दोन्ही बाजूंनी नीट चोळलं आणि नमस्कार केला. यांना सांगितलं नाही. उगाच हसतात.

आता चहा झाला की चालवून पाहणार आहेत. उद्या सोळावा सोमवार. महादेवा, सांभाळ.


रविवार, दिवेलागण

काय लिहू.

गाडी सुरू झाली. कटकट नाही, लटपट नाही. चेन कशी पाण्यासारखी फिरत होती. हे फाटकातून बाहेर गेले, वळून आले, आणि यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी किती महिन्यांनी पाहिलं. मग भीमाबाईंच्या अंगणाशी ब्रेक दाबला. गाडी थांबलीच नाही! हे "अरे! अरे!" करत सरळ त्यांच्या शेणखताच्या ढिगात.

लागलं नाही कुठे. कोपरापर्यंत शेण. भीमाबाई म्हणाल्या, "खत वाहायलेच आणली होती ना? बरोबर पोचली."

पण हे हसले नाहीत. धर्मपाल भाऊही नाही. ब्रेक का लागला नाही? गाडी ढकलत आमच्याकडे आणली आणि दोघांनी पुन्हा पाने काढले. धर्मपाल भाऊ म्हणाले, माझंच काही चुकलं असेल, ब्रेक मी बसवला होता. त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांच्यावर थोडा रागही आला, देवाशप्पथ खरं लिहिते. सकाळपर्यंत सापडलं नाही तर सोळावा सोमवार गेला.

यांनी चाक काढलं, ती चकचकीत थाळी बोटाने पुसली, बोट नाकाशी नेलं. वॅगनचा माणूस, वासावरून तेल ओळखतो.

"धर्मपाल, हे गाडीचं तेल नाही."

"मग?"

"तिळाचं आहे." आणि माझ्याकडे पाहिलं. "समईतलं."

मी म्हटलं, "कोरडी होती ना ती! तुम्ही विसरले म्हणून..."

"अवं, ती ब्रेकची थाळी! तिले दोन बाजूंनी चिमटा पकडते तवा गाडी थांबते. तेल लावून कोण थांबन?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धर्मपाल भाऊंची माफी मागितली. शनीचं, शनिवारचं सगळं सांगून टाकलं. हे ऐकत ऐकत खाली बसले. मला वाटलं, चक्कर आली. हे हसत होते. आवाज न होता हसत होते, मग आवाज करून, मग शेणाच्या हातानेच डोळे पुसायला लागले. "शनीले... ब्रेकच नाही ठेवला... बाईनं!" धर्मपाल भाऊ शेवग्याला धरून उभे. भीमाबाई तर अंगणातच बसल्या.

माझी चूक, मीच निस्तरली. तेलाचं भांडं कसं धुवावं ते मला कोणी शिकवायला नको. कढत पाणी, भांड्याचा साबण, काथ्या. तीनदा धुतली. थाळी आणि चिमटाही. मग यांनी थिनरने पुसलं, चिमट्याची पानं सँडपेपरवर घासली. दिवे लागता लागता पुन्हा बसवलं. चालवली. दाबला. थांबली.

आठ वेळा थांबवून पाहिली. शेवटची चार वेळा नुसती गंमत म्हणून, असं मला वाटतं.


सोमवार, १० नोव्हेंबर

सोळावा.

अंघोळ, पूजेचं तबक, बेल, दूध या वेळी झाकणाच्या डब्यात. बाहेर आले तर गाडी उभी, आणि हे बाजूला.

"बस."

मी मागे कॅरियरकडे गेले.

"तिथं नाही. पुढं."

"मी?"

"तूच. अंगठा दाबला की पुढं जाते. इथं हातानं दाबलं की थांबते. गेर नाही, क्लच नाही."

"अवो, मी सायकलवरून पडलेली बाई!"

"ती दोन चाकांची होती. ही नाही पडत." मग म्हणाले, "गोंदियाले त्या दिवशी मागून धरणारं कोणी नव्हतं. मी धरतो."

बसले. पदर खोचला. भीमाबाईंनी तबक कॅरियरला बांधलं. महादेवाचं नाव घेतलं आणि अंगठा दाबला. बेडकाने उडी मारली, मी किंचाळले, हाताने दाबलं, थांबलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी उडी नाही, चाललं. हे कॅरियरला हात लावून बाजूने चालत. मग भराभर चालत. मग पळत.

"अवं, हळू! मी निवृत्त माणूस हाओ!"

ही वाट मोटारींची नाही, नुसती शेताची. दोन्ही बाजूंना कापलेलं धान आणि त्याचा गोड वास. बाया विळे हातात धरून उभ्या. कोणीतरी ओरडलं, "देख वो, दाई गाड़ी चलावत हे!" मला हात हलवावासा वाटला, पण हँडल कोण धरणार? मान हलवली.

गाडीवाट थेट देवळाच्या पारापर्यंत जाते. उतरले तेव्हा गुडघा दुखत नव्हता. पुजारी म्हणाले, "आ गे दाई?" मी म्हटलं, हव, आले. पूजा करताना मागणं म्हणायचं असतं. म्हणायला गेले आणि मागे वळून पाहिलं. हे पाराखाली उकिडवे बसून चेनचा झोल बोटाने पाहत होते आणि स्वतःशीच काहीतरी बोलत होते.


सोमवार, १७ नोव्हेंबर

उद्यापन झालं. कणीक, गूळ, तूप घालून चुरमा केला, त्याचे तीन भाग: एक देवाला, एक देवळात वाटायला, एक घरी. घरच्या भागाला धर्मपाल भाऊ आणि भीमाबाई आले. धर्मपाल भाऊंनी दोनदा मागून घेतला. भीमाबाई म्हणाल्या, "तेल तर नाही ना घातलं कशात?" हे आता मला आयुष्यभर ऐकायचं आहे.

देवळातून येताना यांनी विचारलं, "एवढे कष्ट केले, मागितलं काय होतं?"

"सांगायचं नसते."

"गुडघा?"

"नाही."

"मग पावला का?"

मी गाडी थांबवली. छान थांबते आता. म्हटलं, "जास्तच पावला."

खरंच जास्त पावला. अंगणात समारूचा धान उडवायचा पंखा उघडून पडला आहे, पलीकडे कोणाचा तरी पंप, आणि खपरीतली अर्धी माणसं "रेलवाले बबा" म्हणून विचारत येतात. पेपर दोन दिवस घडी न मोडता पडून आहे. जेवायला तीन हाका माराव्या लागतात. मागताना माप सांगायला हवं होतं.

हे पंख्यात गुंतले होते म्हणून मी त्यांची पेटी आवरली. तळाशी गाडी घेतल्याची चिठ्ठी सापडली. तारीख ७ ऑक्टोबर, मंगळवार. वार पाहून हायसं वाटलं, शनिवार नाही. आणि पेन्शनच्या कामाला गेले होते तोच दिवस, म्हणजे एका भाड्यात दोन कामं केली. चला, एवढी तरी काटकसर.

डायरीत चिकटवायला म्हणून उलटली. मागे यांच्या अक्षरात पेन्सिलने तीन ओळी होत्या.

गेर नाही.
ब्रेक हाताने.
गुडघ्याला काम नाही.

खाली दोनदा रेघ मारलेली.

चिठ्ठी तीनदा वाचली. मग खळ लावून इथे चिकटवली, पेन्सिलची बाजू वर ठेवून. आणि बाहेर जाऊन चौथी हाक मारली, "अवो, जेवायला या. चुरमा तुमच्यासाठी ठेवला आहे."